भरतीला टांगलेलं हत्यार

धाकट्या डहाणूत कुणाच्या घरी काय शिजतंय हे चुलीच्या आधी आळीला कळतं. त्यामुळे देवजी फिटरनं आषाढातल्या पुनवेला जेट्टीच्या खुंटाला तीन दोऱ्या बांधून तीन चमत्कारिक हत्यारं खाडीत सोडली, ही बातमी त्याच्या बायकोला, पुतळीला, घरबसल्या तीन वेगवेगळ्या तोंडांनी कळली. पहिलं तोंड म्हणालं, देवजीनं लोखंडी निवट्या माशांसाठी गळ टाकलाय. दुसरं म्हणालं, देवजीला वेड लागलं. तिसरं तोंड शेजारच्या रखमीचं. रखमी कुणाचं वाईट बोलत नाही. ती बोलते तेच वाईट असतं, एवढंच.

"पुतळे, अगं तुझ्या नवऱ्यानं शाळेचं सामान बुडवलं!"

पुतळी सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बुडवलं नाय, टांगलंय. घरात माणूस इतकी वर्षं टांगलाय, त्याला बघायला कधी आलीस नाय ती?"

रखमीला त्या दिवशी चहा न पिताच परत जावं लागलं. अशी घटना आळीत वर्षातून एकदा घडते.

भरतीला टांगणं ही तशी जुन्या माणसांची रीत. होडीवर जायचं नवं लोखंड, मग तो हुक असो, कप्पी असो की चेनीची साधी कडी, दोरीला बांधून पुनवेपासून अवसेपर्यंत खाडीत टांगायचं. भरतीत बुडतं, ओहोटीत उघडं पडतं, खारं पाणी आणि खारा वारा आळीपाळीनं त्याची परीक्षा घेतात. पंधरा दिवसांनी स्वच्छ वर आलं तर होडीवर, लाल होऊन आलं तर भंगारात. आता ही रीत पाळणारा देवजी एकटा उरला होता. बाकीचे लोक दुकानदाराच्या तोंडाकडे बघून लोखंड घेतात आणि नंतर त्याच्या नावानं बोटं मोडतात.

देवजीही सगळ्याच वेळी ती पाळत होता असं नाही. एकदा चुकला होता. सहा वर्षांपूर्वी, नारळी पुनव झाली आणि होड्या सुटायची घाई उडाली तेव्हा, त्याचा एकुलता एक मुलगा स्वप्निल ज्या होडीवर खलाशी होता तिच्या विंचची चेन सैल पडली होती. जाळं ओढणारी तीच चेन. देवजीनं दोन कड्या काढल्या, बाजारातून आणलेली नवी कडी घालून चेन जोडली आणि होडी त्याच भरतीला सोडली. कडी पंधरा दिवस टांगायला वेळ कुणाला होता? नवव्या दिवशी भरलेलं जाळं ओढताना चेन तुटली आणि तिचं सुटलेलं टोक स्वप्निलच्या मानेवर बसलं. होडी किनाऱ्याला लागली तेव्हा त्याच्या अंगावर घोंगडी होती.

देवजीनं त्या दिवसापासून एकच गोष्ट धरून ठेवली: कडी टांगली नव्हती, म्हणून समुद्रानं ती खाल्ली, आणि कडीबरोबर पोरगाही.

आळी त्याच्या तोंडावर काही बोलली नाही. आळी तोंडावर कधीच बोलत नाही. फक्त त्या हंगामापासून बिघडलेली इंजिनं त्याच्या दारावरून पुढे जाऊ लागली, आणि ज्याला "फिटर" म्हणून हाक मारायचे त्याला लोक नुसतं "देवजी" म्हणू लागले.

मग तलासरीकडच्या मुलींच्या एका निवासी शाळेला वर्कशॉप सांभाळायला माणूस हवा होता. पाने-पक्कड ओळखणारा, पोरींवर न खेकसणारा. देवजी पहिली अट पुरी करत होता. दुसरी हळूहळू शिकला. सकाळच्या एसटीनं जायचा, संध्याकाळी यायचा. त्या खोलीत सहा पोरी एक रोबोट बांधत. दोन हात पुढे काढून तिरका चालायचा म्हणून त्यांनी त्याचं नाव 'खेकडा' ठेवलं होतं. त्या खोलीत देवजी पुन्हा फिटर झाला. "देवजीकाका, ही पट्टी चालेल का?" "काका, हा बोल्ट बघा ना." तो बोल्ट हातात घेऊन वजन करायचा, उजेडात फिरवायचा आणि म्हणायचा, चालेल. किंवा म्हणायचा, नाय चालणार. आणि तेच व्हायचं. लोखंडाबद्दल देवजीचा शब्द चालेल अशी जगात आता तेवढी एकच खोली उरली होती. ती गेली असती तर त्याच्याकडे फक्त एसटीचा पास उरला असता.

आता त्या तीन हत्यारांचं. खेकड्याचे हात बारीक चेनीवर चालत. चेन लांब झाली की एक कडी काढावी लागे, आणि ती काढायला एक हत्यार लागतं. दुकानात त्याला चेन कटर म्हणतात, पण ते कापत काही नाही. दांडा फिरवला की पुढची सुई कडीतली पिन ढकलून बाहेर काढते. जोडताना तीच पिन पुन्हा आत ढकलते. सगळा खेळ त्या सुईचा. आदल्या वर्षी सायकलच्या दुकानातून आणलेलं हत्यार स्पर्धेच्या आधीच मोडलं होतं. या वर्षी मनिष सरांनी, म्हणजे रोबोटचं बघणाऱ्या मास्तरांनी, ठरवलं की घ्यायचं तर टिकाऊच घ्यायचं. वापीच्या जिग्नेशभाई व्यापाऱ्यानं तीन नमुने पाठवले. सर म्हणाले, "काका, तुम्ही पारखा. तुम्ही म्हणाल ते."

तुम्ही म्हणाल ते! सहा वर्षांत हे तीन शब्द देवजीला कुणी ऐकवले नव्हते. त्यानं तिन्ही नमुने पिशवीत घातले, घरी आणले आणि पुनवेची वाट बघितली.

अवसेच्या रविवारी मनिष सर शाळेच्या गाडीतून पोरींना घेऊन खाडीवर आले. पावसानं उघडीप दिली होती आणि निम्मी आळी काही काम नसताना जेट्टीवर जमली होती. उरलेली निम्मी काम असताना. देवजीनं पहिली दोरी ओढली. आलं ते हत्यार नव्हतं, लाल मातीचं ढेकूळ होतं. दांडा फिरेना.

"ह्याची भाजी करा," रखमी म्हणाली.

दुसरं हत्यार मुळात काळं, जड, अंगाला खडबडीत. त्यावरही ठिकठिकाणी गंज चढला होता, जणू कोकमाच्या पाण्यात बुडवून काढलंय. तिसरी दोरी वर आली तेव्हा मात्र सगळ्यांच्या तोंडून "अरे वा!" निघालं. स्टेनलेसचं ते हत्यार देवघरातल्या तांब्यासारखं लखलखत होतं. पंधरा दिवस खाडीत राहून त्याच्या अंगावर एक डाग नव्हता. देवजीनं ते दोन्ही हातांत धरलं आणि आळीकडे बघितलं. पुष्कळ दिवसांनी तो आळीकडे असा सरळ बघत होता.

तेवढ्यात जिग्नेशभाईचा फोन आला. सरांनी स्पीकरवर टाकला.

"सर, दोन नमुने परत पाठवायचे हता ने? पंधरा दिवस थया."

"ते जरा... पाण्यात होते," सर म्हणाले.

"पाणीमां? कसलं पाणी?"

"खाडीचं."

 मग जिग्नेशभाई म्हणाला, "अरे सर, एक गोष्ट सांगा. तुमचा रोबोट दर्यामां तरणार छे, की जमिनीवर चालणार?"

जेट्टी हसून हसून वाकली. पोरी हसल्या, सर हसले, देवजीसुद्धा हसला. जेट्टीवर तोवर शहाणपणाचं तेवढं एकच वाक्य कुणी बोललं, आणि सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं.

एकटी निर्मला हसत नव्हती. ती रानशेतकडच्या पाड्यावरची, दहावीला, बारीक चणीची पोरगी. बापाची, काळ्याची, सायकल पडत्या चेनीनिशी चालू ठेवणं हे लहानपणापासून तिचंच काम होतं. तिनं येताना जुन्या चेनीचा तुकडा खिशात घालून आणला होता. होडीवाल्या माणसाकडून थोडं रॉकेल मागून घेतलं, फडक्यानं तो काळा नमुना घासला, आणि जेट्टीच्या कठड्यावर बसून एकेक पिन काढू लागली. दहा पिना काढल्या. मग लखलखीत हत्यार मागून घेतलं. पाच पिना निघाल्या. सहावीला तिचा हात थांबला.

"काका," ती हळू म्हणाली, "ह्याची सुई मऊ हाय. दांडा फिरवताना लचकते. काळ्या हत्याराची नाय लचकत."

देवजीचा चेहरा बदलला. आळी समोर उभी होती.

"बाय, तुझं वय काय?"

"सोळावं लागलंय."

"माझं लोखंडातलं वय चाळीस. काळ्या हत्याराचं अंग बघितलंस? पंधरा दिवसांत ही दशा, मग दोन वर्षांत काय?"

"पण काका, आपली शाळा तर दर्यापासून लांब..."

"गंजणारं लोखंड माणूस खातं!"

हे तो इतक्या मोठ्यानं बोलला की कठड्यावरचा बगळा उडाला. ज्यांना माहीत होतं ते सगळे खाली बघू लागले. रखमीसुद्धा. पोरींना काहीच माहीत नव्हतं; त्या नुसत्या दचकल्या. देवजीनं निर्मलाच्या हातातलं काळं हत्यार घेतलं आणि पुन्हा कुणाला मोह नको म्हणून खाडीत लांब भिरकावून दिलं.

"काकांचा शब्द शेवटचा," सर घाईघाईनं म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू करायला सांगितली.

लखलखीत हत्यार शाळेत आलं. भिंतीवर त्याच्यासाठी खास खिळा ठोकला गेला. पाहुणे आले की सर सांगत, "हे आमच्या देवजीकाकांनी पंधरा दिवस समुद्रात ठेवून पारखलंय," आणि पाहुणे देवजीकडे वळून बघत. देवजी तेव्हा उगाच कुठला तरी बोल्ट पुसत असायचा. तोच तोच बोल्ट, पोरींनी मोजलं होतं.

निर्मला हत्यार वापरत होती, कारण चेनीचं काम तिच्याकडेच होतं. प्रत्येक वेळी काम झालं की ती सुई सोडवून काढायची आणि खिडकीच्या सुट्या काचेवर बोटानं लोळवायची. सरळ सुई गुपचूप लोळते, वाकलेली नाचते. गणपतीच्या सुमारास सुई नाचायला लागली. तिनं काच तशीच उचलून देवजीसमोर आणली.

"काका, बघा."

देवजीनं बघितलं. सुई दोनदा नाचली. त्यानं ती पक्कडीत धरली, हलकेच दाबून सरळ केली आणि परत दिली. "झाली. तू दांडा तिरका धरतेस, बाय. हात सरळ ठेव."

एकदा वाकलेलं लोखंड सरळ केलं तरी पुढच्या वेळी तिथंच वाकतं, हे देवजीनं उभ्या आयुष्यात शंभर लोकांना ऐकवलं असेल. त्या दिवशी स्वतःला ऐकवायचं राहिलं. भिंतीवर खिळा होता ना, पाहुणे येत होते.

निर्मलानं पुन्हा काही सांगितलं नाही. हात मात्र सरळ ठेवून बघितला. सुई तरी नाचलीच.

स्पर्धा दिवाळीच्या आधी, नाशिकला. मोठा हॉल, तीस-पस्तीस शाळा, प्रत्येकीला एक टेबल. खेकड्यानं पहिल्या दोन फेऱ्या मारल्या तेव्हा मनिष सरांनी पोरींबरोबर नाचून घेतलं. त्यांच्या नाचाबद्दल न बोललेलं बरं. तिसरी फेरी जिंकली तर राज्याच्या फेरीत जागा होती. पण दुसरी संपता संपता उजव्या हाताची चेन लांबली आणि दात सोडू लागली. एक कडी काढायची, बस. हातात बारा मिनिटं.

निर्मलानं चेन हत्यारात बसवली, दांडा फिरवला. सुई कडीत गेली. अर्ध्यावर गेली आणि मेणाची असावी तशी बाजूला कलली. तिनं दांडा उलटा फिरवला, येईना. पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा. कटकन आवाज झाला आणि सुईचं टोक कडीत रुतून तुटलं. आता पिनही निघेना, सुईही निघेना. शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी न मागता आपलं हत्यार पुढे केलं, खडबडीत, काळं, पण दुसऱ्या सुईला शिरायला भोकच मोकळं नव्हतं. एकीनं हातोडी आणली, एकीनं खिळा. भोंगा वाजला. खेकडा टेबलावरच राहिला, एक हात लोंबत.

 राज्याच्या फेरीचं मनिष सरांनी गावभर सांगून ठेवलं होतं. सगळ्यांसमोर ते निर्मलाकडे वळले.

"वाकडं फिरवलंस ना? घाई केलीस! अगं, पंधरा दिवस समुद्रात राहून ज्याला काही झालं नाही ते हत्यार तू बारा मिनिटांत तोडलंस?"

निर्मलानं देवजीकडे बघितलं. सरांनीही बघितलं. "काका, तुम्ही सांगा. हत्यारात दोष होता का?"

देवजीच्या तळहातावर तुटलेल्या सुईचा मागचा तुकडा होता. गंजाचा एक ठिपका नव्हता. तुटल्या जागी ती गुळाच्या पाकाच्या तारेसारखी ओढून बारीक झाली होती. चाळीस वर्षं लोखंड हाताळलेल्या माणसाला हे वाचायला चष्मा लागत नाही. त्याला सगळं कळलं. पाच पोरी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्या खोलीत उद्यापासून आपल्याला कोण काय विचारणार, हे त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"हत्यार चांगलं होतं," तो म्हणाला. "हात चुकला."

 येताना गाडीत निर्मला मागच्या सीटवर चेनीचा तुकडा मांडीवर घेऊन बसली होती आणि अडकलेलं टोक नखानं उकरत होती. मोखाड्यापर्यंत उकरत होती. मग तिनं तो तुकडा पिशवीत टाकला.

दिवाळीची सुट्टी संपली, पाच पोरी परत आल्या. निर्मला आली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, घोलवडला एका वाडीत चिकूच्या पेट्या भरायला जाते. पाड्यावर बातमी आधीच पोहोचली होती, की पोरीनं शाळेचं मशीन मोडलं आणि शाळा हरली. काळ्यानं विचारलं, "खरं काय?" पोरगी म्हणाली, "सर बोललं तसं." काळ्या म्हणाला, मग मशीन मोडायला शाळेत कशाला, घरात काय कामं कमी आहेत? तो दुष्ट माणूस नाही; त्याला फक्त मोडलेल्या वस्तूची भरपाई मागायला कुणी दारात येईल याची धास्ती होती.

मनिष सर देवजीला म्हणाले, "घरची अडचण असेल हो. दरवर्षी एखादी गळतेच. बरं, नवीन हत्यार घ्यायचंय. या वेळीही तुम्हीच पारखा."

देवजी घरी आला. दुपारची वेळ होती. त्यानं माळ्यावरून दोरीचा गुंडा काढला, मांडीवर घेतला आणि ओट्यावर बसून राहिला. पुतळी वलांडीवर बोंबील वाळत घालून आली, हात धुतले आणि त्याच्याकडे बघितलं.

"आता काय टांगताय?"

 त्यानं उठून कपाटातला पत्र्याचा डबा काढला. त्यात स्वप्निलच्या होडीच्या चेनीची ती तुटलेली कडी होती, फडक्यात, तेल लावून ठेवलेली. सहा वर्षांत त्यानं तिला तेल घातलं होतं, पण नीट बघितलं नव्हतं. आता त्यानं ती ओट्यावर उन्हात ठेवली आणि तिच्या शेजारी सुईचा तुकडा. दोन्हींची तुटलेली टोकं सारखी. ओढून बारीक झालेली, आतून पांढरी. गंज कुठंच नाही.

"पुतळे," तो म्हणाला, "ही कडी गंजलीच नव्हती."

"नाय."

"मऊ लोखंड होतं, वर जस्ताचा मुलामा. पंधरा दिवस टांगली असती तरी चकाचक वर आली असती. मी होडीवर घातलीच असती."

"हं."

"तुला ठाऊक होतं?"

पुतळी खाली बसली. जिच्या जिभेला धार लावायला कधी दगड लागला नाही ती पुतळी शब्द शोधत होती. "नऊ दिवसांत लोखंड गंजून तुटतं होय? इथल्या कुठल्याही पोराला विचारा. तुम्ही धरून बसलात की टांगली नाय म्हणून गेला. मी म्हटलं, माणसाला काहीतरी धरायला लागतं. नायतर नुसतंच आहे, की गेला. म्हणून नाय बोलले."

"बोलायला पाहिजे होतंस."

"हां. आता वाटतं."

देवजीनं दोरीचा गुंडा उचलला आणि परत माळ्यावर टाकला. बाहेर रखमी काहीतरी विचारायला आली होती. दारातूनच आत बघितलं आणि न बोलता गेली. रखमी, आणि न बोलता.

दुसऱ्या दिवशी तो सरांच्या टेबलासमोर उभा राहिला. "सर, सुई मऊ होती. मी चुकीचं निवडलं. निर्मलानं मला खाडीवर सांगितलं होतं, नंतर काचेवर दाखवलंही होतं. नाशिकला मी खोटं बोललो."

मनिष सरांनी पेन खाली ठेवलं. दार लावून घेतलं. "काका, अहो, अहवाल गेला वर. विद्यार्थिनीच्या हाताळणीतली चूक, असं लिहून गेलाय, मुख्याध्यापकांच्या सहीनं. आता तो बदला म्हणू? तुमची नोकरी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे, दरवर्षी नव्यानं सही लागते. कशाला?"

"पोरींना तरी सांगू द्या."

"सांगा हवं तर. कागदाचं नाव काढू नका."

त्यानं पोरींना सांगितलं. पाचही जणी ऐकत राहिल्या. एकीनं विचारलं, "म्हणजे निर्मलाचं चुकलं नव्हतं?" तो म्हणाला, "नव्हतं." मग ती जी उठून गेली ती दिवसभर वर्कशॉपमध्ये आली नाही. बाकीच्या आल्या, पण त्या दिवशी कुणी त्याच्यापुढे बोल्ट धरला नाही. आपसात विचारून बसवत होत्या.

रविवारी देवजी घोलवडला गेला. वाडीच्या शेडमध्ये बायका चिकूच्या ढिगाभोवती बसल्या होत्या. मोठे एका बाजूला, बारके एका बाजूला, नरम पडलेले टोपलीत. निर्मला मधेच होती. तिचे हात इतके भरभर चालत होते की फळाकडे ती बघत नव्हतीच. बोटांनीच नरम-कडक ओळखत होती. देवजी समोर उकिडवा बसला आणि शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सगळं बोलला. सुईचं, नाशिकचं, खोटं बोलल्याचं. बायकांचे हात थांबले. निर्मलाचे थांबले नाहीत.

"मला म्हायत होतं, काका."

"मग तेव्हा सर्वांसमोर का नाय बोललीस?"

"बोलले होते की. खाडीवर."

 देवजी म्हणाला, "तुझ्या बापाला मी सांगतो. पाड्यावर येतो, घरोघर सांगतो. तू परत ये."

"बापूस ऐकेल. तुम्ही सांगा त्याला, बरं होईल." तिनं एक पेटी सरकवली, दुसरी ओढली. "मी नाय येत."

"का, बाय?"

"तिथं मी काय पण केलं तरी सर आधी माझ्या हाताकडे बघतील."

 मुकादमानं पलीकडून हाक मारली, "ए, गप्पा कसल्या?" निर्मलानं मान खाली घातली आणि तशीच हळू म्हणाली, "नवा कटर घेतला काय?"

"नाय अजून. सर मला पारखायला सांगतायत. मी तुला विचारायला आलो."

पहिल्यांदा तिचे हात थांबले. ती थोडा वेळ विचार करत होती, आणि त्या वेळात ती चिकूच्या ढिगापाशी नव्हती, त्या खोलीत होती. बघणाऱ्याला ते दिसत होतं.

"काळाच घ्या. जिग्नेशभाईला सांगा, सुट्या सुया पण द्या, मोडली तर बदलता येईल अशा. आणि पहिला त्याच चेनीवर लावून बघा. वीस पिना काढा, मग सुई काचेवर लोळवा. नाचली नाय तर घ्या." मग जरा थांबून म्हणाली, "गंजला तर तेल लावायचं. पोरींना शिकवा तेल लावायला."

मुकादम पुन्हा ओरडला. ती पुन्हा निवडू लागली.

देवजी त्या संध्याकाळी पाड्यावर गेला. काळ्याच्या अंगणात उभं राहून त्यानं सांगितलं, मग शेजारच्या अंगणात, मग त्याच्या पुढच्या. काही घरांत लोकांना तोवर गोष्ट आठवतही नव्हती. त्यांना आधी पोरीवरचा आळ सांगावा लागला आणि मग तो खोटा आहे हे. काळ्या त्याच्याबरोबर शेवटच्या घरापर्यंत चालला. परत निघताना म्हणाला, "भरपाई मागायला कोण येनार नाय ना?" देवजी म्हणाला, "कोणी नाय." "मग बरं," काळ्या म्हणाला. पण सोमवारी सकाळी निर्मला घोलवडलाच गेली.

आळीला हे सगळं आठवड्याच्या आत कळलं, कारण देवजीनं स्वतःच जेट्टीवर उभं राहून सांगितलं. कडीचंही सांगितलं. फिटरची चाळीस वर्षं तिथंच संपली. त्याची रीत पाळणारा तो एकटा होता. आता तोही उरला नाही.

वीस पिना काढून, सुई काचेवर लोळवून काळं हत्यार पसंत झालं. मनिष सरांनी खरेदीचा कागद भरायला घेतला. शेवटी एक रकाना होता: हत्यार पारखणाऱ्याचं नाव.

"तुमचं लिहू ना, काका?"

"निर्मलाचं लिहा. तिनं पारखलंय."

सरांनी पेन वर उचललं. "काका, ती आता शाळेत नाही. पटावरून नाव कमी झालंय. पटावर नसलेल्या मुलीचं नाव इथं कसं लिहिणार?"

"मग कोरा ठेवा," देवजी म्हणाला.

"कोरा ठेवला तर कागद परत येईल."

"येऊ द्या," देवजी म्हणाला, आणि पोरींना तेल कसं लावायचं ते दाखवायला आत गेला.